खूप काही शिकायला मिळालं

बी.एड.च्या मुलामुलींच्या चिंतन नोंदवह्या वाचायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सोलापुरातल्या एका अध्यापक महाविद्यालयात मी शिकवते. २०१५ साली हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, शाळेत प्रत्यक्ष जाऊन शिकवायचा छात्रसेवाकाल २० आठवड्यांचा झाला, आणि त्याबरोबर या वह्याही फुगल्या. पाठ घ्यायचा आणि मग त्या पाठाविषयी विचार करून लिहायचं. काय घडलं, मला काय वाटलं, त्यातून काय उमगलं. कल्पना चांगलीच आहे. पण दहा वह्या वाचा नाहीतर शंभर, प्रत्येक नोंदीच्या तळाशी एक वाक्य ठाण मांडून बसलेलं असतं : 'या अनुभवातून मला खूप काही शिकायला मिळाले.'

काय मिळालं, ते वहीत नसतं.

हे वाक्य मुलांनी कुठून आणलं हे शोधायला लांब जावं लागत नाही. चौथीत 'आमची सहल' लिहून झालेली असते, दहावीपर्यंत 'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग'. त्या निबंधात पूर येतो, नाहीतर आजोबा जातात, नाहीतर रस्त्यात पैशाचं पाकीट सापडतं आणि ते मालकाला परत केलं जातं. गोष्टीखाली तात्पर्य, फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार, भाषणाच्या शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'. अनुभव हे तात्पर्याला लागणारं सामान आहे, अशी समजूत बारा-पंधरा वर्षं घोटून घोटून पक्की केलेली असते. गुणही तात्पर्यालाच मिळतात. ज्या पोराने इमानदारीत 'सहलीत मला कंटाळा आला, बसमध्ये उलटी झाली' असं लिहिलं असेल, त्याला दहापैकी किती पडले असतील याचा अंदाज कुणीही करावा.

सोलापुरात या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं असतात, कन्नड बोलणारी असतात, दखनी बोलणारी असतात. आणि कँटीनपाशी उभं राहिलं की सगळ्यांची मिळून एक सोलापुरी मराठी ऐकू येते, जिच्यात 'काय बे' म्हटल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. अनुभव येतो तो या सगळ्या बोलींमध्ये. वही मात्र 'मिळाले', 'झाले', 'वाटले' मागते. मग लिहायला बसलेलं मूल आधी स्वतःच्या अनुभवापासून दोन पावलं मागे सरकतं, आणि जे वाक्य शुद्ध असल्याची शंभर टक्के खात्री आहे तेच उचलून ठेवतं. म्हणून हल्ली मी सांगते, पहिला खर्डा घरच्या भाषेत लिहा. तेलुगू देवनागरीत लिहा, कन्नडही तसंच, मला वाचता आलं नाही तरी चालेल. मराठी नंतर करू. सहकाऱ्यांपैकी काहींना हे पटत नाही. त्यांचंही बरोबर असेल. शुद्धलेखनाचं पुढे निस्तरावं लागतं ते त्यांनाच.

चिंतन म्हणजे काय यावर शिक्षणशास्त्रात पुष्कळ लिहून झालंय आणि ते आम्ही शिकवतोही. जॉन ड्यूई यांनी १९१० साली मांडलं की विचाराची सुरुवात अडखळण्यापासून होते. सगळं सुरळीत चाललं असेल तर माणूस सवयीने पुढे जात राहतो. काहीतरी जुळत नाही, खटकतं, तेव्हा तो थांबतो. (हे तेच ड्यूई, ज्यांच्याकडे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले आणि ज्यांचं ऋण ते मानत राहिले.) पुढे १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या : काम करता करता चालणारं चिंतन, आणि काम संपल्यावर मागे वळून केलेलं चिंतन. यातलं पहिलं समजावून द्यायला मला पुस्तक लागत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही मागाच्या शेडमध्ये जाऊन उभं राहावं. एकटा कामगार तीन-चार माग सांभाळत असतो. गोंगाट एवढा की शेजारच्याशी खुणेनेच बोलायचं. आणि त्या गोंगाटात, पाठ फिरलेली असताना, तो एकदम वळतो आणि नेमका त्याच मागाकडे जातो जिथे कांडी संपत आलीय किंवा ताण्याचा धागा तुटलाय. कसं कळलं विचारलं तर म्हणतो, 'आवाज बदलला की.' त्याला हे लिहून काढायची गरज नाही. आमच्या मुलांना आहे, कारण त्यांचा कान अजून तयार व्हायचाय.

(माग निघालाच आहे तर सांगते. सोलापुरात राहून लेखनाला विणकामाची उपमा द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. ताणा-बाणा, उभे-आडवे धागे, सुखदुःखाचं वस्त्र. चादरींसारख्याच त्या उपमाही इथे ठोक भावात मिळतात. मी वापरायच्या सोडल्यात.)

तिसरं नाव ग्रॅहम गिब्ज यांचं. त्यांचं १९८८ सालचं चक्र आता परिचर्येपासून अध्यापनापर्यंत सगळीकडे शिकवतात : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. सहा टप्पे. वहीत सहा रकाने आखून दिले की मुलं सहाही भरतात, रेशनकार्डाचा अर्ज भरावा तशी. भावना : आनंद झाला. विश्लेषण : पूर्वतयारी चांगली होती. गिब्ज यांचा यात दोष नाही. त्यांनी वर्णन पहिलं ठेवलं ते उगाच नाही. पण मुलं त्या पहिल्या रकान्यातून दोन ओळींत पळ काढतात आणि पुढच्या पाच रकान्यांच्या हाती मग काहीच लागत नाही.

एका मुलीची वही सांगते. तिने लिहिलं होतं : 'आज इयत्ता सातवीच्या वर्गावर विज्ञानाचा पाठ घेतला. घटक : ध्वनी. भाषेच्या अडचणीमुळे काही विद्यार्थ्यांचा प्रतिसाद कमी मिळाला. तरीही उद्दिष्टे साध्य झाली.' आणि मग ते ठरलेलं वाक्य.

भाषेच्या अडचणीपाशी मी थांबले. शाळा पूर्व भागातली. वर्गातली बरीचशी मुलं पद्मशाली घरांतली, तेलुगू बोलणारी. आणि ही मुलगी त्याच भागात वाढलेली, घरी तेलुगूच. मग अडचण कुणाची?

हा प्रश्न मी तिला विचारला नाही. विचारला असता तर तिने लगेच एक चांगलंसं उत्तर तयार केलं असतं. मी म्हटलं, 'त्या पाच मिनिटांत काय काय झालं तेवढंच सांग. तुला काय वाटलं ते नको. काय कळलं ते तर मुळीच नको.'

तिने सांगितलं. आवाज कशाकशातून येतो, उदाहरणं द्या, असं तिने विचारलं होतं. एकाने घंटा म्हटलं, तिने फळ्यावर घंटा लिहिलं. एकीने ढोल म्हटलं, ढोल लिहिलं. खिडकीजवळचा एक मुलगा हात वर न करताच उभा राहिला आणि तेलुगूत सांगायला लागला, घरात माग चालू झाला की... पुढचं त्याला जुळेना. म्हणून त्याने पंजा बाकावर पालथा टेकला, बोटं फाकवली आणि जोरजोरात थरथरवला. बाकावरची कंपासपेटी खडखडली. वर्ग हसला. ती म्हणाली, 'बरं, दुसरं कोण सांगेल?' कुणीतरी तबला म्हटलं. तिने फळ्यावर तबला लिहिलं.

'मग पुढचा मुद्दा घेतला मॅडम. कंपन.'

हे तोंडातून निघालं आणि तीच गप्प झाली. त्या पोराने कंपन करून दाखवलं होतं. घंटा आणि तबला म्हणणाऱ्यांनी नुसती वस्तूंची नावं घेतली होती. याने आवाज निर्माण कसा होतो ते पंजाने दाखवलं होतं, तेही फळ्यावर शब्द यायच्या आधी. आणि तिला तो काय म्हणतोय ते पूर्ण कळलं होतं. भाषेची अडचण तिला नव्हती, त्यालाही नव्हती.

इथे मला आनंद झाला होता, आता वही बदलणार म्हणून. दोन दिवसांनी तिने दुसरा खर्डा आणला. त्यात ती स्वतःला झोडपत सुटली होती. मी चांगली शिक्षिका होऊ शकत नाही, मी एका बालमनावर आघात केला, मला स्वतःची लाज वाटते. दीड पान. त्या दीड पानात मुलगा कुठे नव्हता, बाक नव्हता, कंपासपेटी नव्हती. पश्चात्ताप हासुद्धा एक तयार शेवट असतो आणि 'खूप काही शिकायला मिळाले'पेक्षा तो जास्त दिसतो चांगला, म्हणून जास्त फसवतो. आपण स्वतःला शिक्षा केली की विचार पुरा झाल्यासारखं वाटतं. प्रश्न मात्र तिथेच राहतो : कळत होतं, तरी 'दुसरं कोण सांगेल' हे शब्द तोंडातून आले कसे?

तिसऱ्या खेपेला ती या प्रश्नाशी बसली. आधी तिला मोठं कारण सापडलं, आणि ते खोटं नव्हतं. ती स्वतः शाळेत असताना तेलुगू तोंडात आलं की मुलं चिडवायची. मराठी घासूनपुसून घेण्यात तिची सगळी शाळा गेली. वर्गासमोर साडी नेसून उभी असताना त्या मुलाने तिला ओळखलं, 'ही आपलीच' म्हणून तो तिच्याशी घरच्या भाषेत बोलला, आणि ते ओळखलं जाणंच तिला नको होतं. हे तिने फार नेटकं लिहिलं. पण खाली एक ओळ होती, जी तिने खोडून पुन्हा लिहिली होती : पाठीमागे निरीक्षक बसले होते, त्यांच्या हातात पत्रक होतं, आणि माझ्या टाचणात बाराव्या मिनिटाला पुढचा मुद्दा होता.

मला ही ओळ सगळ्यांत मोलाची वाटली. चिंतनाला मोठी कारणं आवडतात. जात, भाषा, बालपण, आईवडील. ती खरीही असतात. पण त्यांच्या शेजारी घड्याळ असतं, टाचण असतं, चप्पल चावत असते, सकाळी डबा झालेला नसतो. लहान कारण लिहिलं नाही तर मोठंही नाटकी वाटायला लागतं. दोन्ही एका पानावर आली तेव्हा त्या पानावर विश्वास बसला.

पुढे तिने काय केलं? तिने सांगितलं ते असं : नंतरच्या तासाला तिने त्या मुलाला पुढे बोलवलं नाही, माफी मागितली नाही. 'उगंच तमाशा झाला असता मॅडम.' तिने प्रयोग म्हणून सगळ्या वर्गाला पंजे बाकावर टेकायला लावले आणि घरी काय काय थरथरतं ते विचारलं, कुठल्याही भाषेत. फळीवरची भांडी, असं कुणी म्हणालं. पाण्याचा हंडा. झोपलेलं बाळ. तो मुलगा त्या दिवशी गैरहजर होता. गोष्टीत तो हजर असता तर बरं झालं असतं, पण नव्हता, आणि तिने तसंच लिहिलं.

सगळ्यांचं इतकं नीट होत नाही. एक मुलगा दर वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजाच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीच्या, मानकऱ्यांबरोबर असतो. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास ही यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर दिसतात. हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्याने लिहिलं होतं, 'भक्तिमय वातावरण', 'अलोट जनसागर', 'डोळ्यांचे पारणे फिटले'. मी विचारलं, 'काठी तोलताना तुला जनसागर दिसतो?' तो हसला. म्हणाला, 'काय दिसत नाही मॅडम. मान वर, नजर टोकाला. खाली बघितलं की गेलं.' मग जनसागर कुठे पाहिलास? रात्री, मोबाइलवर. कुणीतरी गच्चीवरून काढलेला व्हिडिओ ग्रुपवर आला होता. त्याने वहीत लिहिली होती ती त्या व्हिडिओची यात्रा. स्वतःची यात्रा त्याच्या मानेत होती, खांद्यात होती, आणि ती त्याला लिहिण्यासारखी वाटली नव्हती. त्याने नंतरही ती लिहिली नाही, 'ते काय लिहायचं' म्हणाला. मी आग्रह धरला नाही. देवाच्या कामाबद्दल माणसाने किती बोलावं हे त्याचं तो ठरवील.

पण हे मात्र हल्ली सर्रास दिसतं. प्रसंग घडतो न घडतो तोच त्याचा फोटो, त्याखालची ओळ, आलेले बदाम, सगळं तयार होतं, आणि महिन्याने लिहायला बसलं की आठवते ती ओळ. म्हणून मी लिहिण्यापूर्वी फोन बघू नका म्हणते. नंतर पडताळायला बघा.

जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. महाविद्यालयातल्या मुलांना लागोपाठ चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्या विषयांवर लिहायचं, काहींनी आयुष्यातल्या जबर धक्क्याविषयी. आणि त्यातही काहींनी नुसत्या घटना, काहींनी नुसत्या भावना, काहींनी दोन्ही. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहून झाल्यावर जड झालं होतं, त्यांचा रक्तदाबही वाढला होता. पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. हे पुष्कळांना ठाऊक असतं, 'लिहा, मन मोकळं होईल' म्हणून सांगितलंही जातं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पेनबेकर यांना नंतर अशा लेखनातले शब्द तपासताना दिसलं ते. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता लक्षात येतंय' अशा शब्दांचं प्रमाण वाढत गेलं, त्यांना जास्त फायदा झाला. पहिल्या दिवसापासून ज्यांची गोष्ट जुळवून तयार होती, त्यांना तितका नाही. म्हणजे तयार गोष्ट असणं कामाचं नाही, ती लिहिता लिहिता जुळत जावी लागते.

माझ्या वडिलांबद्दल लिहायचं म्हटलं तेव्हा मलाही हे अनुभवायला मिळालं. ते गिरणीत सूतखात्यात होते. नव्वदच्या दशकात गिरणी बंद झाली. सोलापुरात या विषयावर लिहिणाऱ्यासाठी वाक्यं आयती असतात : भोंगा थांबला आणि शहराचा श्वास थांबला, चिमणीतला धूर विझला आणि घराघरातल्या चुली विझल्या. सभेत टाळ्या घेतात ही वाक्यं. आमच्या घरची चूल विझली नव्हती, आईचं शिवणकाम होतं. आणि मला त्या दिवसांतलं खरं काय आठवतं, तर राग. वडील दिवसभर घरात असायला लागले. कधी स्वयंपाकघरात न डोकावलेला माणूस आईला ज्वारीच्या पिठात पाणी किती घालायचं ते सांगायला लागला. भाजी आणायला जायचे आणि तीन पेठा फिरून पन्नास पैसे वाचवून यायचे, आणि ते पन्नास पैसे रात्रीपर्यंत सांगायचे. मी कॉलेजात होते. मला वाटायचं, हे कुठेतरी बाहेर का जात नाहीत.

गिरणीकामगाराच्या मुलीने बापाच्या बेकारीवर लिहावं आणि त्यात राग यावा, हे त्या विषयाला शोभत नाही. म्हणूनच मला ते लिहायचं होतं. पण रागाच्या वाक्यापाशी थांबूनही भागेना. लिहिता लिहिता भाजीचे भाव आठवायला लागले. वडिलांना प्रत्येक पेठेतला भाव तोंडपाठ असायचा, कुठल्या दिवशी कुठे काय उतरलं ते असायचं, आणि ते हे सगळं एका छोट्या डायरीत मांडून ठेवत. ती डायरी गिरणीतली. पूर्वी तिच्यात उत्पादनाचे आकडे असत. पुढची काही पानं सुताची आणि त्याच शाईत मागची पानं वांग्यांची. मी एवढंच लिहिलं. ते काम शोधत होते की कामाची सवय भागवत होते, हे मला ठरवता आलं नाही, आणि ठरवल्यासारखं लिहिणं खोटं झालं असतं. थोरल्या भावाला वाचून दाखवलं तर म्हणाला, डायरी गिरणीची नव्हतीच, त्यानेच मंगळवार पेठेतून आणून दिली होती. आता डायरीही उरलेली नाही. मी त्याचं म्हणणंही त्याच परिच्छेदात घातलं. घरात एकाच माणसाच्या दोन आठवणी असतील तर एकीला घराबाहेर कशाला काढायचं?

अनुभवाबद्दल लिहिताना 'मी' दोन असतात, ही गोष्ट शिकवायला सगळ्यांत अवघड जाते. एक जिच्यावर ते गुदरलं ती, आणि एक आज लिहायला बसलेली. नवखे लिहिणारे या दोघींची सरमिसळ करतात. कॉलेजातल्या मुलीच्या तोंडी पन्नाशीतल्या बाईचं शहाणपण घालतात : 'तेव्हाच मला जाणवलं की बाबा आतून तुटलेत.' तेव्हा काही जाणवलं नव्हतं. तेव्हा चिडचिड होती. जाणवलं असेल ते आज, आणि आजचं आजच्या नावावर लिहावं. लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने आल्या. नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हाची सोवळ्यात अडकलेली, नवऱ्यावर रागावलेली लक्ष्मी त्यात जशीच्या तशी आहे. लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई तोवर केवढ्या तरी पुढे आल्या होत्या, पण थोरलीने धाकटीला सुधारून घेतलेलं नाही. तिच्यावर हसतात, तिला हाकलत नाहीत. मी मुलांना त्यातली पानं मोठ्याने वाचायला लावते. ती हसतात. हसता हसता काहींना कळतं, काहींना नाही.

राहता राहिला गुणांचा प्रश्न, आणि तो माझ्याकडून अजून सुटलेला नाही. या वह्यांना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. माझ्या हातात लाल पेन आहे हे माहीत असताना कोण मनातलं लिहील? त्या मुलीने 'मला ओळखलं जाणं नको होतं' असं लिहिलं, त्याला मी दहापैकी किती द्यायचे? नऊ दिले तर पुढच्या वर्षी तिच्या मैत्रिणी नऊ गुणांची लाज लिहून आणतील. आणतातच. एका वर्षी अचानक सगळ्या वर्गाचं बालपण दुःखी झालं होतं. तेव्हापासून मी गुण फक्त वर्णनाला देते. बाक कुठे होता, कोण काय म्हणालं, कुणाच्या शब्दांत म्हणालं, किती वाजले होते. उमगलेलं वाचते, त्यावर पेन्सिलीने दोन प्रश्न विचारते, गुण देत नाही. शिवाय मुलांची, पालकांची, शाळेची नावं बदलायला लावते. सोलापूर एवढं काही मोठं नाही. 'अशोक चौकातल्या एका मुलीच्या घरी' एवढं लिहिलं तरी कुणाची कोण ते बोळात कळतं.

यंदाच्या वहीचा नमुना मी नव्याने तयार केला. वर्णनाला दोन पानं, बाकीचं कोरं, रकाने नाहीत. कार्यालयातून तो परत आला. समिती येणार आहे, तिला 'निष्कर्ष' दिसला पाहिजे, तो कुठे आहे? मी पुष्कळ वाद घातला. शेवटी 'निष्कर्ष' छापायचं ठरलं. जागा एका ओळीची ठेवलीय, आणि छापखान्यात जाऊन ती ओळ अर्ध्या पानाची होऊन आलेली नाही ना, हे मला सोमवारी बघून यायचंय.